मधल्या माणसाची अकरावी

नारायण : अनीश, तुझ्या आईला विचार, एसी लावू का काचा खाली करू.

अनीश : बाबा, आई मागच्या सीटवर बसलीय. दुबईला नाही गेलेली.

नारायण : तू विचार.

अनीश : आई, एसी का काचा?

पद्मजा : त्यांना सांग, एसी लावला की त्यांचंच नाक चोंदतं आणि मग घरभर शिंका. काचाच बऱ्या.

अनीश : काचा.

नारायण : ऐकलं मी.

अनीश : ऐकलं तर मग मी कशाला मध्ये? लोकांच्या गाडीत मॅप बोलतो, आपल्या गाडीत मी.

नारायण : पुढे बघ, टोलनाका आला. आणि आता मुद्द्यावर ये. सोमवारी त्या कॉलेजला होय की नाही ते कळवायचं आहे. आज आपण फक्त पाहणीसाठी चाललो आहोत. पाहणी म्हणजे होकार नव्हे. सर्व संबंधितांनी याची नोंद घ्यावी.

अनीश : आई, संबंधित म्हणजे तू.

पद्मजा : घेतली म्हणावं नोंद. जिल्हा परिषदेतून रिटायर होईपर्यंत माणसाचं असंच होत असेल का रे? चहासुद्धा ‘मंजूर’ करून पितील एखाद्या दिवशी.

नारायण : माझं मत मी आधीच स्पष्ट केलंय. सोलापुरात काय कमी आहे? कॉलेज घराजवळ, क्लास गल्लीत, ताटात गरम भाकरी. हे सगळं सोडून अकरावी-बारावीची महत्त्वाची दोन वर्षं सरकारी वसतिगृहात काढायची. कशासाठी? लोखंडी कॉटसाठी?

अनीश : वर्कशॉपसाठी, बाबा. अख्ख्या राज्यातून परीक्षा घेऊन मुलं निवडलीत. माझं नाव त्यात आलंय, हे तुम्ही सोडून सगळ्या ऑफिसला माहीत आहे.

नारायण : ऑफिसला मीच सांगितलंय.

अनीश : मग! तिथं म्हणे मुलांनी स्वतः पाण्याचा पंप बनवलाय. धरणाच्या पाण्यावर चालवतात. मी घरी एक पंखा उघडला तर केवढा गोंधळ.

नारायण : मे महिन्यात उघडलास. सोलापूरच्या मे महिन्यात.

अनीश : परत जोडला की.

पद्मजा : उलटा फिरतो तो. सगळा वारा छताला. हे बाबांना सांगू नको, तुलाच सांगायलेय.

नारायण : आणि टॉवेल? पलीकडे एमआयडीसीत दिवसरात्र टॉवेल विणतात, त्या गावात जन्मून या मुलाला ओला टॉवेल दोरीवर टाकता येत नाही. गादीवर टाकतो. वसतिगृहात कोण उचलणार?

अनीश : शिकेन. तुम्ही नाही का या वयात कुकर लावायला शिकलात?

नारायण : एकदाच लावला होता.

पद्मजा : त्याला म्हणावं, पाणी घालायचं राहिलं होतं तेव्हा.

अनीश : आई म्हणते—

नारायण : ऐकलं. मोहोळ आलं. चहा घेऊ.

पद्मजा : अनीश, तुम्ही दोघं घ्या चहा. मला एक फोन करायचाय. त्या झाडाखाली रेंज चांगली दिसतीय.

अनीश : कुणाला गं?

पद्मजा : आहे एक काम. माझ्या चहात साखर कमी सांग.

नारायण : दोन फुल्ल, एक साखर कमी. बस इथं, सावली आहे. काय बघतोस?

अनीश : बाबा, एक विचारू? चिडणार नाही ना?

नारायण : विषयावर अवलंबून आहे.

अनीश : मी गेलो तर तुम्ही दोघं काय करणार?

नारायण : काय करणार म्हणजे? ऑफिस, जेवण, बातम्या. ती शाळा, पेपर तपासणं, मालिका. चाललंय तसंच.

अनीश : मी बोलायचं विचारायलोय. उन्हाळ्यात मी मैंदर्गीला आज्जीकडं गेलो होतो, आठवतं? आईचा मला फोन. म्हणाली, ‘बाबांना फोन करून सांग, गॅस संपलाय.’ बाबा, तुम्ही तेव्हा हॉलमध्ये बसला होता. ती स्वयंपाकघरात.

नारायण : लगेच आणला की सिलिंडर.

अनीश : हो, आणि मला फोन केलात. ‘आईला सांग, आणला.’ आज्जीनं ऐकलं ते. कन्नडमध्ये काय म्हणाली ते मी सांगत नाही.

नारायण : सासूबाई पहिल्यापासून माझ्या विरोधात आहेत.

अनीश : आज्जीचं सोडा. गणपतीपासून हे चाललंय. आता जून आला. तुम्ही सरळ सॉरी का म्हणत नाही?

नारायण : हे बघ, त्या गोष्टीला बाजू आहेत.

अनीश : कुठल्या बाजू? आईचा मोबाइल चार्जिंगला होता. तिच्या संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला, तो तुम्ही उचललात. अक्कलकोटच्या शाळेची मुख्याध्यापिका करणार होते तिला. तुम्ही सांगून टाकलंत, ‘त्यांना जमणार नाही, मुलाची दहावी आहे.’ आणि तिला सांगितलंच नाही. तिला कुठं कळलं? स्टाफरूममध्ये. दुसऱ्या बाईंचे पेढे खाताना. पेढा तोंडात होता तिच्या, बाबा.

नारायण : तुझ्याच भल्याचा विचार केला होता मी.

अनीश : मला तरी विचारलं होतं का? माझं नाव घातलंत फक्त. नंतर वर्षभर सगळे सर मला सांगत होते, तुझ्यासाठी आईनं केवढी संधी सोडली, आता मार्क पाड. गणिताचा पेपर लिहिताना वाटत होतं, चुकलं तर आईची खुर्चीपण गेली आणि मार्कपण गेले. ती सोडणारच नव्हती, हे कुणाला माहीतच नाही.

नारायण : अनीश, चहा गार व्हायलाय.

अनीश : होऊ दे.

नारायण : तिचा फोन झाला वाटतं. येतीय. चेहरा नीट कर. आणि हा कप तिला दे, साखर कमीचा. मी देत बसलो तर इथंच थंड होईल.

(दुपारनंतर. कॉलेज आणि वसतिगृह पाहून तिघं परत निघालेत. रस्त्याच्या एका अंगाला उजनी धरणाचं उतरलेलं पाणी, दुसऱ्या अंगाला केळीच्या बागा.)

नारायण : ती वांग्याची भाजी! अनीश, मी आयुष्यात इतक्या सरकारी बैठकांची जेवणं जेवलो, पण ती भाजी वेगळी होती. मी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

अनीश : तिसऱ्यांदा.

नारायण : तो आचारी आहे ना, बाळासो, मोठा गमतीचा माणूस. मी त्याला विचारलं, मुलं रमतात का? म्हणतो, ‘सायेब, पयला आठवडा पोरगं घरी जायाचं म्हणून रडतंय. मग दिवाळीची सुट्टी लागली की जायाचं न्हाय म्हणून रडतंय. आमाला दोन्ही बारीला डोळं पुसायला लागत्यात.’ आणि ती खोली बघितलीस? चार कॉट, चार टेबलं आणि खिडकीतून सरळ पाणी. मी त्या कॉटवर जरा टेकलो. इतकं शांत वाटलं की डोळा लागला.

अनीश : दिसलं आम्हाला. ती खोली बघायला दुसरं कुटुंब आलं होतं. त्यांना वाटलं, तुम्हीच ॲडमिशन घेतलीय.

नारायण : आम्हाला कुठे होतं असलं काही? मामाच्या घरी कोपऱ्यात बसून बारावी केली मी. असो. तर माझं मत बदललेलं आहे. तुझ्या आईला सांग, माझी हरकत मी मागे घेतो. मुलगा जाईल.

अनीश : मला नाही जायचं.

नारायण : काय?

पद्मजा : काय म्हणालास?

अनीश : नाही जायचं. सोलापुरातच बरं. कॉलेज जवळ, क्लास गल्लीत. बाबा म्हणत होते तेच बरोबर होतं.

नारायण : सकाळी बरोबर होतं. आता नाही.

पद्मजा : अनीश, त्या वर्कशॉपमधून तुला हाताला धरून बाहेर काढावं लागलं मला. त्या मॅडमना तू पंपाबद्दल इतकं विचारलंस की त्या खुर्ची घेऊन बसल्या. आणि आता नाही म्हणतोस?

अनीश : बघितलं, झालं. पाहणी म्हणजे होकार नव्हे.

पद्मजा : माझ्याकडं बघ.

अनीश : तू मागं आहेस.

पद्मजा : मग आरशात बघ. असा नाही. नीट. आता सांग, काय झालं तिथं?

अनीश : काही नाही. ते वॉर्डन म्हणाले ना, मोबाइल जमा करायचा. फक्त रविवारी मिळतो, तोपण थोडा वेळ.

नारायण : उत्तम नियम आहे! एवढ्यासाठी नाही म्हणतोस? मोबाइलसाठी?

अनीश : माझ्यासाठी नाही हो! बाबा, जानेवारीत तुम्हाला ताप आला होता. मी सराव परीक्षेला होतो, फोन बॅगेत, बॅग वर्गाबाहेर. बाहेर येऊन बघतोय तर आईचे मेसेजवर मेसेज. ‘बाबांना विचार, गोळी घेतली का.’ ‘विचार, डॉक्टरकडं जायचं का.’ ‘अनीश, विचार ना.’ घरी आलो तर तुम्ही आतल्या खोलीत कण्हायलात आणि आई ओट्याशी उभी राहून रडायलीय. मध्ये फक्त हॉल. ती तो हॉल ओलांडून आली नाही आणि तुम्ही हाक मारली नाही. मी येईपर्यंत तुम्ही गोळीसुद्धा घेतली नव्हती. मग रविवार ते रविवार तुमचं काय व्हायचं? पंप काय, मी सोलापुरात बनवेन. जागा मिळेल कुठंतरी.

पद्मजा : साकु. पुरे.

अनीश : मी खरं तेच—

पद्मजा : तुला नाही म्हणाले. अहो, गाडी बाजूला घ्या.

अनीश : आई?

पद्मजा : काय?

अनीश : तू आत्ता कुणाला म्हणालीस?

पद्मजा : तुझ्या बाबांना. अहो, ऐकू आलं का? पुढं केळीवाला बसलाय, तिथं घ्या.

नारायण : घे... घेतो. घेतो ना.

पद्मजा : अनीश, उतर. केळी घेऊन ये.

अनीश : किती आणू?

पद्मजा : कितीही. सावकाश निवड. भाव कर, गप्पा मार, त्याच्या बागेत जाऊन बघ वाटल्यास.

अनीश : मी जातो, पण तुम्ही दोघं गाडीतच राहणार ना?

पद्मजा : जा रे बाबा.

नारायण : गेला. बोल.

पद्मजा : तुम्ही बोला.

नारायण : पद्मा, मुद्दा असा आहे की—

पद्मजा : ऑफिसची भाषा नको. ती मी घरात गेली वीस वर्षं ऐकतेय.

नारायण : बरं. चुकलो मी. फोन तुझा होता, नोकरी तुझी होती, आणि उत्तर मी देऊन मोकळा झालो. तेही दहावीच्या नावावर. खरं सांगू? दहावीचा विचार नंतर सुचला. आधी एवढंच मनात आलं, की ही आता भल्या पहाटे निघणार, दिवे लागल्यावर येणार, आणि घर माझ्यावर पडणार. मला भीती वाटली. घराची. कुकरची. तू मोठ्या खुर्चीवर बसलीस की मी कुठं बसायचं, याचीसुद्धा. तेवढ्यात ते सेक्रेटरी म्हणाले, काय मग, बाईंना जमेल ना? तोंडातून निघून गेलं.

पद्मजा : निघून गेलं ते गेलं. पण संध्याकाळी मला सांगता आलं असतं. मी त्याच दिवशी फोन करून सांगितलं असतं, आमच्या ह्यांनी घाई केली. त्या बाईंचं नाव जाहीर व्हायला मध्ये चांगला आठवडा होता.

नारायण : रोज ठरवत होतो. रोज वाटायचं, आज हिचा मूड बरा आहे, तो कशाला घालवा.

पद्मजा : आणि त्यानंतर? इतके महिने?

नारायण : त्यानंतर तू माझ्याशी बोलायचंच थांबवलंस. सिलिंडर, लाइटबिल, पाहुणे, हे सगळं अनीशच्या हाती पाठवता येत होतं. पण माफी त्याच्या तोंडून कशी पाठवायची? त्यानं येऊन म्हणायचं का, आई, बाबा म्हणतात माझं चुकलं, आणि तू म्हणायचं, त्यांना सांग, ठीक आहे?

पद्मजा : हसवू नका. मला अजून राग आहे.

नारायण : असू दे.

पद्मजा : माझंही चुकलंच. पहिल्यांदा मुद्दाम अबोला धरला, तो ठीकच होता, तुमची लायकीच ती होती. पण नंतर कितीतरी वेळा वाटलं, आता बोलावं. सुरुवात कुठून करायची ते कळेना. मग पोरावर टाकत गेले. त्याच्याकडून निरोप पाठवणं सोपं होतं. वर्गात मी मुलांना सांगते, घरातल्या मोठ्यांची भांडणं तुमची नसतात. आणि माझं पोरगं इथं आमच्यासाठी कॉलेज सोडायला निघालंय.

नारायण : तो ताप आला होता ना, जानेवारीत. मला वाटत होतं, तू येशील.

पद्मजा : मी दारापर्यंत आले होते. तुम्ही भिंतीकडं तोंड करून झोपला होता.

नारायण : झोपलो नव्हतो.

पद्मजा : अय्यो! मग वळायचं की!

नारायण : हो. वळायला हवं होतं.

पद्मजा : आता मला एक सांगायचंय. मोहोळला मी फोन केला तो सेक्रेटरींना. अक्कलकोटच्या बाईंची बदली झालीय, जागा परत रिकामी आहे. परवा त्यांनी मला विचारलं होतं. ह्या वेळी फोन मीच उचलला. आज होकार देऊन टाकला.

नारायण : आज? आपण कॉलेज बघायच्या आधीच?

पद्मजा : आधीच. अनीश इथं आला असता, घरी राहिला असता, तरी मी जाणारच होते. कुणाला विचारलं नाही. तुम्हालाही नाही. राग आला असेल तर इथंच काढा, घरी न्यायचा नाही.

नारायण : राग आला की. थोडा.

पद्मजा : मग?

नारायण : मग काय? आला आणि बसलाय. त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी पण बसलंय. बरं वाटलं. मुख्याध्यापिका. पाटी लावतात का गं नावाची दारावर?

पद्मजा : लावतात.

नारायण : बघायला येईन. तू बोलावलंस तर.

पद्मजा : बघू. तो बघा, केळीचा घड घेऊन उभा आहे आणि इकडं यायला घाबरतोय. बोलवा त्याला. थांबा, मी पुढं बसते.

नारायण : अनीश! ये रे! एवढी केळी? लग्न आहे का कुणाचं?

अनीश : सावकाश निवड म्हणाली ना. आई, तू पुढं का बसलीस?

पद्मजा : मागं ऊन लागतंय. बस मागं. आता मी विचारेन, त्याचं एका दमात उत्तर द्यायचं. आमचा विचार करायचा नाही. आम्ही घोड्या-गाढवाएवढे मोठे आहोत, आमचं आम्ही बघू. मी अक्कलकोटची शाळा घेतलीय, जूनअखेरीपासून जाणार. बाबा घर बघणार. हे ठरलंय.

अनीश : ठरलंय? बाबा?

नारायण : ठरलंय. म्हणजे कळवण्यात आलंय.

पद्मजा : तुला तिथं जायचंय का?

अनीश : लई.

पद्मजा : हां. एवढंच ऐकायचं होतं.

अनीश : पण खरंच? म्हणजे तुम्ही आता रोज... दोघंच... बोलणार?

नारायण : भांडू सुद्धा. पद्मा, मला एक सांग, तू सकाळची एसटी धरणार का त्या शिक्षकांच्या जीपमधून जाणार?

पद्मजा : एसटी. जीपमध्ये ते मागं सहा जण बसवतात.

नारायण : मग मी सोडेन स्टँडवर. स्कूटरवर.

पद्मजा : पावणेसहाला उठाल?

नारायण : उठेन. आणि डबा? डब्याचं काय?

पद्मजा : भाजी मी रात्री चिरून ठेवेन. फोडणी तुम्ही घाला.

नारायण : फोडणीत आधी मोहरी का जिरं?

पद्मजा : मोहरी. ती तडतडली की जिरं. आणि गॅस बारीक, नाहीतर हिंग जळतो.

नारायण : किती बारीक?

पद्मजा : दाखवते. आणि ह्याच्यासाठी दोन चादरी घ्यायच्यात, त्या आपल्या नेहमीच्या दुकानातून नको, तिथली गेल्या वेळी रंग सोडत होती.

नारायण : रंग सोडत नव्हती. तू ती गरम पाण्यात घातलीस.

पद्मजा : मी? कोण म्हणालं?

नारायण : मी बघितलं होतं. तेव्हा बोलता येत नव्हतं.

अनीश : आई, बाबा, केळी सोलून देऊ का तुम्हाला?

पद्मजा : थांब रे जरा. आम्ही बोलायलोय.